स्वीपचं जॅकेट परत देऊ का?

या वेळचं पत्र पुण्यातून आलंय. नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून आपण त्याला 'मागचा' म्हणू, कारण बाइकवाल्यांच्या ग्रुपमध्ये तो कायम सगळ्यात शेवटी असतो, स्वीप म्हणून, म्हणजे मागे कुणी राहू नये हे बघायला. पत्र बरंच मोठं आहे, मी कापून देतेय.

"ताई, आम्ही ऑफिसातल्या सहा जणांनी रविवारी सकाळी मिसळ खायला जायचं म्हणून ग्रुप काढला होता. कुणाचा मेव्हणा, कुणाचा रूममेट असं करत करत आता राईडला ३५-४० गाड्या येतात. जुलैत ताम्हिणीतून दिवेआगरला निघालो, ३८ गाड्या. ताम्हिणी गाव सोडून विळ्याकडे उतरताना एका वळणावर जेसीबीने आणलेला चिखल पडला होता, तिथे एक नवीन मुलगा घसरला, कॉलरबोन मोडलं. त्याच्या मागचा त्याला चुकवायला गेला तो कडेच्या चरात. रेंज नव्हती. पुढचे सगळे माणगावला चहा पीत बसले होते, त्यांना सव्वा तासाने कळलं. मुलाच्या घरी फोन करायचा तर नंबर कुणाकडेच नाही. माझ्या फोनमध्ये तो त्याच्या गाडीवरून 'व्हाइट ड्यूक' म्हणून सेव्ह आहे, आडनावसुद्धा कुणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी अॅडमिनने रील टाकलं, 'ऑल सेफ', आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, स्वीप काय करत होता? बायको म्हणते गाडी विकून टाक, माझी क्लासिक. खरं सांगू तर मला आता या राईडचा कंटाळाच येतो, पण पहिल्या सहांत मी होतो, सोडून कसा जाऊ? ता. क. स्वीपचं पोपटी रिफ्लेक्टर जॅकेट ग्रुपच्या पैशातलं आहे, ते परत द्यावं का?"

अरे मागच्या, तुला तू म्हणते, मी ४९ वर्षांची आहे आणि माझी थंडरबर्ड गाडीच बहुतेक तुमच्या ग्रुपपेक्षा वयाने मोठी असेल.

स्वीप काय करत होता या प्रश्नाचं उत्तर एकदम सोपं आहे, स्वीप मागे होता. तिथेच त्याला ठेवला होता ना तुम्ही! अॅडमिनला हिशोब येत नसेल तर आपण करून देऊ. पुढच्या गाडीपासून कमीत कमी दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं, पावसात त्याहून जास्त, हे कुणीही सांगेल. ३८ गाड्या म्हणजे मध्ये ३७ फटी, म्हणजे ७४ सेकंद. ताशी ६० ने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या आसपास जाते. म्हणजे तुमची ही आगगाडी सव्वा किलोमीटर लांब झाली, आणि तेही मध्ये एसटी घुसली नाही, कुणी धबधब्यापाशी फोटोला थांबलं नाही, कुणाची चेन वाजायला लागली नाही तर. घाटात सव्वा किलोमीटर म्हणजे कितीतरी वळणं. लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्याच्या, आरशात पाचवा माणूस दिसत नाही तिथे अडतिसावा कुठून दिसणार. तेव्हा पुढे लीड आणि मागे स्वीप ठेवला की मधले सगळे सांभाळले गेले ही जी समजूत आहे ना, ती आठ गाड्यांपर्यंत ठीक आहे, ३८ ला ती नुसती समजूत आहे.

आता दुसरी गोष्ट, जी पुढे चालवणाऱ्याला जन्मात कळत नाही कारण तो कधी मागे बसलेलाच नसतो. पिरंगुट ते पौड स्पीडब्रेकर किती आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. पहिला माणूस ब्रेकर ओलांडतो आणि परत ६० ला जातो तेव्हा शेवटचे दहा जण अजून ब्रेकरच्या अलीकडे पहिल्या गिअरमध्ये असतात. समज तू एक मिनिट मागे पडलास, म्हणजे एक किलोमीटर. पुढचा तसाच ६० ने चाललाय, तर तो एक किलोमीटर भरून काढायला तुला ८० ने तीन मिनिटं जावं लागतं, चार किलोमीटर. तेवढ्यात पुढचा ब्रेकर येतो, की परत पहिल्यापासून. म्हणजे एकाच राईडमध्ये पुढचा म्हणतो काय निवांत चाललंय आणि मागचा मात्र रेस चालवतोय. रबर ताणल्यासारखं होतं हे, आणि झटका कायम शेपटाला.

आणि शेपटाला असतं कोण? नवीन पोरं. तू मागे राहा हं, सांभाळून ये, असं प्रेमाने सांगून आपण नवशिक्याला नेमकं तिथे नेऊन ठेवतो जिथे स्पीड सगळ्यात वेडावाकडा असतो. तुझ्या त्या मुलाने समोरच्या टेललाइट वळणाआड जाताना पाहिल्या असतील, वाटलं असेल मी हरवणार, त्याने मूठ पिळली, वळणात चिखल दिसला आणि पुढचा ब्रेक आवळला. मी तिथे नव्हते पण पैज लावते असंच झालं असेल. तो त्याच्या स्पीडने उतरतच नव्हता, तो ग्रुपच्या स्पीडने उतरत होता.

हे मी शहाणपणा म्हणून नाही सांगत, माझंही झालंय. बरीच वर्षं झाली, लोणंद-फलटण रस्ता, उसाचा सीझन. आम्ही अकरा जण. समोर ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, माझ्या पुढच्याने ओव्हरटेक मारला म्हणून मी पण मारला. विचार केलाच नाही. त्याला समोर जागा दिसली होती, मला त्याची फक्त लाल टेललाइट दिसत होती, आणि ती लाइट आत शिरली तेव्हा समोर वडापची जीप, हेडलाइटसकट. ट्रॉली आणि जीप यांच्या मध्ये जी काही फट होती त्यातून मी गेले, कशी गेले ते मला आजही सांगता येत नाही. पुढे जाऊन थांबले तर डाव्या बाहीवर उसाचे तीन ओरखडे, समांतर, मांजराने ओरबाडल्यासारखे, आणि हातमोज्यात उसाच्या पात्याचं कूस घुसलेलं. ते जॅकेट अजून कपाटात आहे. पुढचा परत आला आणि म्हणाला, अगं मला वाटलं तू थांबशील. त्याचं काहीच चुकलं नव्हतं रे. ओव्हरटेक ज्याचा त्याने बघून करायचा असतो, उधारीवर नाही, पण मोठ्या ग्रुपमध्ये मागे पडायची भीती एवढी असते की माणूस डोळे पुढच्याला देऊन टाकतो.

गाड्या सगळ्या सारख्या नसतात हेही कुणी लक्षात घेत नाही. १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम, सक्तीचं झालं, त्याआधीच्या कितीतरी गाड्यांना ते नाही, माझ्या थंडरबर्डलाही नाही. आता नवी कोरी गाडी पुढे, माझ्यासारखं जुनं धूड मागे, आणि पुढच्याने म्हैस बघून कचकन ब्रेक मारला तर तो थांबेल, मी त्याच्या डिकीत असेन, आणि डिकी तर त्याला नाहीये. बरं, एबीएस आहे म्हणून वळणात चिखलावर गाडी झुकलेली असताना ब्रेक आवळला तर ते काही देव नाही वाचवायला. तुमच्या ग्रुपात अॅक्टिवावाले पण असतील, असतातच, आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात नीट चालवतात.

अजून एक, हे तू लिहिलं नाहीस पण होतच असणार. घाटात जो चढतोय त्याला आधी वाट द्यायची असा नियम आहे. तुम्ही कोकणात उतरत होता, म्हणजे तुम्ही थांबायचं. आता ३८ जण चिकटून उतरताहेत, समोरून भरलेला टेम्पो चढतोय, एकजण थांबला तर मागचा त्याच्या अंगावर, म्हणून कुणी थांबतच नाही, टेम्पोवाला शिव्या घालत कडेला. आणि मागे गाडीतून कुटुंब चाललेलं असतं, त्यांना पुढे जायचंय, पण सव्वा किलोमीटरची रांग ओलांडणार कशी, मग ते मध्ये घुसतात आणि आपली पोरं हॉर्न वाजवून म्हणतात बघ कसा घुसला. आपण रस्त्यावर बाकीच्यांच्या डोक्याला किती ताप देतो हे कधीतरी कारमध्ये बसून बघ. त्यात सगळे हॅझर्ड लावून चालवतात! अरे चारी लाइट लुकलुकत असतील तर वळायचं कुठे ते मागच्याला कळणार कसं, स्वप्नात येऊन सांगणार का तू?

वैताग वेगळाच. सहाला चांदणी चौक म्हणजे निघेपर्यंत पावणेआठ, कारण 'निघालो' असा मेसेज टाकणारा माणूस बाथरूममध्ये असतो. पनवेलचे दोघे अजून यायचेत, त्यांना एक्सप्रेसवे बंद म्हणून ते जुन्या हायवेने येणार. मग पेट्रोल, एकाने काल भरलेलं नसतंच, आणि एक थांबला की सगळे भरून घेतात, दोन मिनिटं एका गाडीला, दोन नोझल, ३८ गाड्या, झाली ३८ मिनिटं, त्यात एकाचं यूपीआय फिरतच राहतं. पाऊस आला की अर्धे रेनसूट चढवायला थांबतात, चढवून होईपर्यंत पाऊस जातो, मग काढायला थांबतात. मिसळीच्या हॉटेलात एकदम ३८ प्लेट म्हटल्यावर शेवटच्याला रस्सा पातळ आणि पाव संपलेले. आणि तो शेवटचा कोण, तू! तुझं पत्र वाचताना मला तर हेच जाणवलं की तुला कित्येक महिने गरम मिसळ मिळालेली नाही.

असो. आता अपघाताच्या वेळचं, कारण मी कापलेल्या भागात तू लिहिलंयस की हेल्मेट काढून त्याला पाणी पाजलं. हे परत करू नका. श्वास नीट चालू असेल, बोलत असेल, तर हेल्मेटला हात लावायचा नाही, मान हलवायची नाही, उठवून बसवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. १०८ ला फोन. रेंज नसेल तर दोन गाड्या सोडायच्या, एक पुढच्या गावाकडे, एक मागच्या, ज्याला आधी रेंज मिळेल तो फोन लावेल. आणि त्याआधी सगळ्यात महत्त्वाचं, दोघा जणांना वळणाच्या वर आणि खाली पाठवायचं, येणारी वाहनं हळू करायला, कारण पडलेल्या माणसाभोवती आपण गोल करून उभे राहतो ते नेमकं आंधळ्या वळणावर, आणि मग पुढचा ट्रक सगळ्यांनाच घेऊन जातो. तुमचा दुसरा मुलगा चरात गेला, तो रस्त्यावर राहिला नाही हे नशीबच म्हण. नॅशनल हायवेवर असाल तर हायवेची हेल्पलाइन १०३३ पण आहे.

इन्शुरन्सचं पण एकदा ग्रुपवर विचार. ते १५ लाखांचं पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर असतं ना, ते गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला, आणि लायसन्स असेल तर. भावाची गाडी मागून आणलेल्याला त्यातलं काही नाही. तुमच्यात असे किती आहेत ते मोजलंस तर घाबरशील.

आता तुझा खरा प्रश्न, सोडू का. मला विचारशील तर आधी एकदा, एकदाच, अॅडमिनशी समोरासमोर बोल. ग्रुपवर नाही, चहाला बोलाव, कारण व्हॉट्सअॅपवर १४० लोकांसमोर कुणीच मागे येत नाही. स्वीप काय करत होता याचं भांडण काढू नकोस, तो मुद्दा तू जिंकशील आणि बाकी सगळं हरशील. एवढंच म्हण की बाबा, ३८ एकत्र नकोत, सहा-सहाच्या तुकड्या करू. प्रत्येक तुकडीला आपला लीड, आपला मागचा, दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने सुटायचं, एकत्र भेटायचं ते जेवायला, रस्त्यावर नाही. फोटो काढा ना तिथे काय ३८ गाड्यांचा काढायचाय तो. सगळ्यात हळू किंवा नवीन जो असेल तो लीडच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर, म्हणजे लीडला आपोआप त्याच्या स्पीडने चालवावं लागतं. सरळ रस्त्यावर एक डावीकडे एक उजवीकडे असं तिरकं चाला, पण घाट लागला की एका मागे एक, आणि ग्रुपमधल्या ग्रुपमध्ये ओव्हरटेक नाही म्हणजे नाही.

आणि एक नियम, जो मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो कारण त्याला इंटरकॉम लागत नाही की रोड कॅप्टनचा बिल्ला लागत नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या आरशातल्या माणसाची जबाबदारी घ्यायची. पुढच्याला पकडायचं नाही, मागच्याला सोडायचं नाही. फाटा आला, तर मागचा दिसेपर्यंत तिथेच थांबायचं, तो दिसला की निघायचं. म्हणजे निजामपूरच्या फाट्यावर चौथा थांबलाय पाचव्यासाठी, तो थांबला म्हणून तिसरा थांबला, आणि दोन-चार मिनिटांत लीडपर्यंत आपोआप बातमी पोचते की मागे काहीतरी झालंय. सव्वा तास लागत नाही. हरवायची भीतीच गेली की नवीन पोरगा मूठ पिळत नाही, कारण त्याला माहिती असतं फाट्यावर कुणीतरी माझी वाट बघत उभं आहे.

हे अॅडमिनला पटेल का? प्रामाणिकपणे सांगते, मला वाटत नाही. सहा-सहाच्या तुकड्या म्हटलं की ड्रोन शॉटमध्ये मजा येत नाही, ३८ गाड्यांची रांग दिसली पाहिजे, आणि ज्या माणसाने कॉलरबोन मोडलेल्या दिवसाचं रील 'ऑल सेफ' म्हणून टाकलं त्याला काय पाहिजे हे तुला मी सांगायला नको. पण विचार, कारण न विचारता सोडलंस तर तुझ्या मनात कायम राहील. तो हसला किंवा पुढच्या वेळी बघू म्हणाला तर निघ. आणि निघताना ग्रुपवर निबंध लिहू नकोस हात जोडून, बाकीचे पाच जुने आहेत त्यांना फोन कर फक्त. त्यातले दोघे तरी म्हणतील, अरे मीही कंटाळलोय. सहा जणांत तू होतास म्हणून अडलायस ना, मग ते सहा राहिलेत कुठे? जे तुम्ही काढलं होतं ते मिसळ खायला जायचं होतं.

थोडं तुझ्याबद्दल पण बोलते, राग मानू नकोस. तुला नाही म्हणता येत नाही. प्रत्येक ग्रुपात असा एक समजूतदार असतो ज्याच्या अंगावर पंक्चर किट, फर्स्ट एड, दोरी आणि शेवटचा नंबर टाकला जातो, आणि त्यालाही आतून जरा बरं वाटत असतं की माझ्याशिवाय यांचं चालत नाही. तुला आधीच्या कितीतरी राईड्समध्ये कळलं होतं की हे हाताबाहेर गेलंय, तरी तू दर वेळी तेवढं जॅकेट चढवून शेवटी उभा राहिलास. तू उभा राहिलास म्हणून बाकीचे बेफिकीर झाले, स्वीप आहे ना!

क्लासिक विकू नकोस. बायको गाडीला घाबरत नाहीये, ती त्या ३८ ला घाबरतेय, तिला एकदा आडवारी मागे बसवून पानशेतला ने, गर्दी नसेल तेव्हा, तुझ्या स्पीडने, आणि मग विचार विकू का. आणि त्या व्हाइट ड्यूकला भेटायला जा, अजून गेला नसशील तर. आडनाव विचारून फोनमध्ये बदल.

जॅकेटचं म्हणशील तर हो, परत दे, धुवून दे, चिखलाचे डाग पोपटी रंगावर लवकर जात नाहीत, आदल्या रात्री साबणाच्या पाण्यात टाक. आणि द्यायच्या आधी एक काम कर, ग्रुपवर शेवटचं म्हणून सगळ्यांकडून पूर्ण नाव, रक्तगट आणि घरचा एक नंबर मागून घे, तू मागितलंस तर देतील. एका कागदावर लिही, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल आणि आतल्या खिशात ठेव. पुढच्या वेळी ते जॅकेट घालून जो कुणी मागे उभा राहील त्याला लागेल.